गल्लीतला तांबट कुठे नोंदवायचा? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात नांदूर मध्यमेश्वरच्या हिवाळ्यातल्या पक्ष्यांबद्दल लिहिलं होतं. गोदावरी आणि कादवाच्या संगमावरचं ते उथळ पाणी, गाळ साचून साचून तयार झालेली तिथली बेटं, २०१९ साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून झालेली नोंद, आणि तिथले चक्रवाक, थापट्या, हळदी-कुंकू बदकं, कपाळावर पांढरा टिळा लावून फिरणारे वारकरी. त्यावर इतके मेसेज आले की मी दोन दिवस वाचतच बसले होते, आणि बहुतेकांचा सूर असा की ताई, नांदूरला वर्षातून एकदा जाणं होतं, एरवी घरी बसून मोबाइलवरून काय करता येईल? म्हणून या वेळचं सदर तेवढ्यासाठीच.

प्रश्न: सिडकोत चौथ्या मजल्यावर राहते, रिटायर्ड शिक्षिका आहे. समोरच्या पिंपळावरून सकाळपासून टुक टुक टुक असा एकसारखा आवाज येतो, पण पक्षी काही दिसत नाही. नात म्हणते अ‍ॅप टाक. कुठलं टाकू, आणि इंग्रजी नावांचं काय करू?

बाई, अ‍ॅप टाकायच्या आधीच सांगते, तो बहुतेक तांबट असणार. आपल्या जुन्या नाशकात तांबट लेनमध्ये भांडं ठोकतानाचा आवाज ऐकला असेल तर तोच ठेका, म्हणून तर त्याचं नाव तांबट, इंग्रजीतसुद्धा त्याला कॉपरस्मिथच म्हणतात. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवागार, कपाळ लाल. पानांत हिरवा रंग मिसळून जातो म्हणून तो दिसत नाही, पण सकाळच्या पहिल्या उन्हात झाडाच्या अगदी शेंड्याला वाळक्या फांदीवर येऊन बसतो तेव्हा बघा. आणि सोसायटीत कुणी पिंपळाची वाळकी फांदी छाटायला निघालं तर जरा थांबवा, तिच्यातच ढोली कोरून तो अंडी घालतो.

आता अ‍ॅप. मर्लिन नावाचं अ‍ॅप आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेचं, फुकट आहे. टाकल्यावर त्यात भारतातल्या पक्ष्यांचा पॅक डाउनलोड करायचा, तो वायफायवर करा कारण मोठा असतो, पण एकदा उतरला की मग नेट नसलं तरी चालतं. साउंड आयडी दाबून फोन बाल्कनीत धरला की तो आवाजाचं चित्र काढतो आणि ते चित्र त्याला शिकवलेल्या आवाजांशी जुळवून नाव सुचवतो. सुचवतो, हा शब्द महत्त्वाचा आहे हं. घरातला पंखा चालू असेल, खाली रिक्षा असेल तर गडबडतो, आणि आपला कोतवाल पक्षी तर शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची इतकी हुबेहूब नक्कल करतो की माणसं फसतात तिथे फोनचं काय. म्हणून फोनने नाव सांगितलं की डोळ्यांनी पक्षी शोधायचा आणि मगच वहीत लिहायचं, मी स्वतः हा नियम कधी मोडत नाही.

नावांचं म्हणाल तर ईबर्ड म्हणून पक्ष्यांच्या याद्या नोंदवायचं अ‍ॅप आहे, त्याच्या सेटिंगमध्ये पक्ष्यांची नावं मराठीत करून घेता येतात. आणि शिंजीर, दयाळ, भारद्वाज, धोबी अशी नावं वाचून त्या पक्ष्याची सविस्तर माहिती हवी असली तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, त्यातल्या नोंदी जरा जुन्या वळणाच्या आहेत पण मला फार आवडतात.

प्रश्न: ताई, मी कॉलेजला आहे, गंगापूर रोडला राहतो. फोटो काढतो, इन्स्टावर टाकतो, लाइक्स पण येतात. मित्र म्हणतो त्यापेक्षा ईबर्डवर लिस्ट टाक. पण रोज तेच साळुंकी-बुलबुल-कावळे लिहून कुणाचं काय भलं होणार? आणि एकदा मी गंगापूर धरणावर ३०० चक्रवाक लिहिले तर नंबर चेक करा असा मेसेज आला, खोटारडा समजतात की काय?

तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण हे खूप जणांच्या मनात असतं पण विचारत कुणी नाही.

आधी चक्रवाकांचं. ईबर्डमध्ये प्रत्येक भागासाठी, प्रत्येक महिन्यासाठी एक मर्यादा घातलेली असते, तिच्या वर आकडा गेला किंवा त्या भागात सहसा न दिसणारा पक्षी लिहिला की ती नोंद तपासायला थांबते. तपासणारे आपल्यासारखेच पक्षीनिरीक्षक असतात, बिनपगारी काम करतात. त्यांना तू मोजले कसे ते सांग, म्हणजे दहा-दहाचे गट धरून मोजले, की एका फोटोत मोजून अंदाज केला. फोटो असेल तर तोच जोड. यात अपमान काहीच नाही, उलट या गाळणीमुळेच पुढे शास्त्रज्ञ त्या माहितीवर भरवसा ठेवू शकतात.

आता साळुंकी-बुलबुल. अरे, इथेच तर सगळी गंमत आहे आणि मला यावर जरा जास्त बोलायचंय. इन्स्टावरचा फोटो सांगतो की एक चांगला पक्षी एकदा दिसला. यादी सांगते की अमुक दिवशी सकाळी सात ते सव्वासात मी इथे उभा होतो आणि ओळखता आले ते सगळेच्या सगळे पक्षी हे आहेत. म्हणजे यादीत जे नाही ते तिथे दिसलं नाही हेही त्यातून कळतं. समज तुझ्या कॉलनीतून दहा वर्षांपूर्वीच्या शंभर याद्या असत्या आणि त्यातल्या ऐंशींमध्ये चिमणी असती, आणि आजच्या शंभरातल्या तीसमध्येच असती, तर कुणाला वाद घालावा लागला असता का की चिमण्या कमी झाल्या की नाही? पण त्या दहा वर्षांपूर्वीच्या शंभर याद्या आपल्याकडे नाहीयेत, कारण चिमणी कोण लिहितो असं तेव्हाही सगळे म्हणत होते.

स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स हा २०२३ चा अहवाल नेटवर फुकट वाचायला मिळतो, तो बघ. तीस हजारांवर पक्षीनिरीक्षकांनी ईबर्डवर टाकलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींतून ९४२ जातींचा आढावा घेतलाय, आणि १७८ जाती अशा निघाल्या ज्यांच्याकडे तातडीने लक्ष द्यायला पाहिजे. त्या तीन कोटींमध्ये साळुंकी आहे, बुलबुल आहे, कावळा आहे. चिमणीबद्दल आधीच्या २०२० च्या अहवालात जे आलं तेही अशा याद्यांमुळेच कळलं, की देशभर बघितलं तर ती बऱ्यापैकी टिकून आहे पण मोठ्या शहरांत कमी होत चाललीय. नुसत्या आठवणींवर हे कधीच समजलं नसतं.

तर करायचं एवढंच, निदान पंधरा मिनिटं एका जागी उभं राहायचं किंवा चालायचं, अ‍ॅप चालू ठेवायचं, दिसलेले-ऐकलेले सगळे ओळखीचे पक्षी आकड्यासकट लिहायचे, आणि शेवटी तो विचारतो की ओळखलेले सगळे लिहिलेत का, तिथे खरं उत्तर द्यायचं. ओळखता आला नाही तो सोडून द्यायचा, ठोकून द्यायचं नाही. आणि एक, घरच्या गच्चीवरून यादी करत असशील तर पिन घरावर टाकून "माझं घर" असं नाव देऊ नकोस, ती जागा सगळ्यांना दिसते. जवळच्या बागेवर किंवा चौकावर टाक.

इन्स्टा बंद कर असं म्हणत नाहीये मी. तोच फोटो यादीला पण जोड, म्हणजे तो कामाला येईल.

प्रश्न: आम्ही निफाड तालुक्यातले. द्राक्षबागेजवळच्या जुन्या विहिरीत पांढऱ्या तोंडाच्या घुबडाने पिल्लं घातलीत. पोराने फोटो काढलेत, एका मोठ्या ग्रुपवर लोकेशनसकट टाकायचं म्हणतोय, म्हणजे लोक बघायला येतील. घरातली म्हातारी माणसं म्हणतात घुबड अपशकुनी, हाकलून द्या. काय करावं?

दादा, दोन्ही करू नका. हे मी हात जोडून सांगते.

ते गव्हाणी घुबड आहे. नावातच गव्हाण आहे, म्हणजे गोठ्याचा, माणसाच्या वस्तीचा पक्षी. त्याच्या बसायच्या जागेखाली राखाडी-काळसर गोळ्या पडलेल्या दिसतील, त्यातली एक काडीने फोडून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दाखवा. आत उंदरांची हाडं, कवट्या आणि केस निघतील. तुमच्या शेतातले उंदीर आहेत ते. लक्ष्मीचं वाहन म्हणून ज्याला पुजतो तोच दारात आला तर अपशकुन कसा, असं मी माझ्या आजोळी विचारलं होतं, तेव्हापासून तिथल्या वाड्यात घुबडाला कुणी दगड मारत नाही. पिल्लं उडायला साधारण दोन महिने लागतात, तेवढे दिवस विहिरीजवळ मोटार दुरुस्ती वगैरे पुढे ढकलता आली तर ढकला, आणि आजूबाजूला उंदराचं विष टाकू नका, विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर तेही दगावू शकतं.

आता लोकेशन. लोक बघायला येतील हे खरं, पण कोण येईल ते आपल्या हातात राहत नाही. काही जण टॉर्च मारतात, पिल्लांनी बघावं म्हणून खडे टाकतात. मी एकदा एका ग्रुपबरोबर गेले होते, त्यांच्यातल्या एकाने स्पीकरवर घुबडाचा आवाज लावला आणि बिचारी मादी पिल्लांना सोडून अर्धा तास त्या आवाजामागे फिरत राहिली, ते मला अजून आठवतं आणि मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. दुसरं त्याहून वाईट, दिवाळीच्या आसपास जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारे असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणं, विकणं हा गुन्हा आहे, पण गुन्हा आहे म्हणून थांबणारी ती माणसं नव्हेत.

पोराचा हुरूप मोडू नका, त्याला दुसरी वाट दाखवा. आयनॅचरलिस्ट म्हणून एक साइट आणि अ‍ॅप आहे, झाडं, किडे, साप, पक्षी सगळं तिथे नोंदवता येतं. त्यात जागा धूसर ठेवायची सोय आहे, ती निवडली की नकाशावर नेमकी विहीर दिसत नाही, मोठा चौकोन दिसतो. किंवा फोटो जपून ठेवा आणि पिल्लं उडून गेल्यावर टाका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचाच तर साधा फोटो म्हणून पाठवा, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फोटोत लपलेलं जीपीएस त्याच्यासोबत जातं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

प्रश्न: पंचवटीत राहतो. दर संक्रांतीला आमच्या गल्लीत मांजात अडकलेले पक्षी सापडतात. गेल्या वर्षी एका बगळ्याला पाणी पाजलं आणि तो हातातच गेला. चुकलं का?

मनाला लावून घेऊ नका, तहान लागली असेल असंच कुणालाही वाटतं. पण जखमी पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतलं की ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून पाणी-खाणं काही द्यायचं नाही. पुठ्ठ्याचा खोका घ्या, त्याला भोकं पाडा, खाली सुती कापड, पक्षी आत ठेवून झाकण लावा आणि खोका शांत अंधाऱ्या जागी ठेवा. पंखात रुतलेला मांजा ओढायचा नाही, दोन्ही बाजूंनी कात्रीने कापायचा आणि रुतलेला तुकडा डॉक्टरांसाठी तसाच ठेवायचा. घार किंवा घुबड असेल तर जाड टॉवेल टाकूनच उचला, नख्या भयंकर असतात. बगळ्याची चोच आपल्या डोळ्यांपासून लांब धरा. मग वन विभागाची हेल्पलाइन १९२६, हा नंबर आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा, तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो. बरं व्हावा म्हणून घरीच पाळून ठेवायचा नाही, कायद्याने पण चालत नाही.

नायलॉन मांजावर हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातलीय, तरी तो मिळतो हे आपण बघतोच. ऑनलाइन विकायला दिसला तर स्क्रीनशॉट काढून पोलिसांकडे द्या. आणि संक्रांतीनंतरच्या रविवारी काठीला आकडा बांधून गल्लीतल्या झाडांवरचा लोंबता मांजा काढा, येवल्याकडे तर पतंगांचा केवढा जोर असतो, तिकडच्या वाचकांनाही माझी हीच विनंती. तो मांजा पुढे कित्येक महिने झाडावर पक्षी पकडत राहतो.

प्रश्न: नाशिकरोडचा रिटायर्ड बँकवाला आहे. पक्ष्यांसाठी थोडे पैसे द्यायचेत. फेसबुकवर क्यूआर कोड टाकून मागणारे खूप दिसतात. कुणावर विश्वास ठेवायचा?

काका, तुम्ही आयुष्यभर लोकांची कागदपत्रं तपासली, इथेही तेच करायचं. क्यूआर स्कॅन केल्यावर एखाद्या माणसाचं वैयक्तिक खातं दिसलं तर थांबा. संस्था असेल तर तिचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक मागा. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर नाव टाकून बघा. देणगीवर करसवलत असेल तर तिचं प्रमाणपत्र देतात का विचारा, फक्त ती करसवलत जुन्या कररचनेतच मिळते आणि दोन हजारांच्या वरची रक्कम रोख दिली तर मिळत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मग शेवटचा प्रश्न विचारा, गेल्या वर्षी पैसे कशावर खर्च झाले. ज्यांचं काम खरं असतं ते या प्रश्नावर चिडत नाहीत, उलट उत्साहाने सांगायला लागतात.

पैशांशिवायही एक सुचवते. चापडगावला नांदूर मध्यमेश्वर बघायला जाल तेव्हा गावातल्या मुलाला गाइड म्हणून सोबत घ्या आणि त्याला नीट पैसे द्या. पाण्यावरच्या पक्ष्यांमुळे घरात चार पैसे आले तर ते पाणी राखायला गाव स्वतःहून उभं राहतं.

प्रश्न: त्र्यंबककडचे आम्ही. अंजनेरीच्या कड्यावर गिधाडं दिसतात, लहानपणी खूप असायची. त्यांच्यासाठी शेतकऱ्याने काय करावं? आमच्याकडे रेंज पण धड नसते.

रेंज नसली तरी चालेल, कारण गिधाडांसाठी जे करायचं ते गोठ्यात करायचंय. जनावर दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं, पुढे ते जनावर मेलं, ते गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात आणि काही दिवसांत मरतात. पांढऱ्या पुठ्ठ्याची, म्हणजे शेपटीच्या वर पाठ पांढरी असलेली, गिधाडं १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशात हजारात एखादंच उरलं इतकी कमी झाली. एवढी मोठी पडझड कशामुळे होतेय हे कळायलाच कितीतरी वर्षं गेली. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात होत्या म्हणून २०१५ मध्ये ती ३ मिलीच्या एका डोसच्या बाटलीतच विकायचं ठरलं. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅकवरही जनावरांसाठी बंदी आली.

म्हणून डॉक्टर गुराला सुई लावायला येतील तेव्हा एवढंच म्हणा, साहेब, मेलॉक्सिकॅम द्या. ते गिधाडांना चालतं. बाटलीवरचं नाव वाचा, वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराला वाचायला सांगा. आणि गिधाड मेलेलं किंवा उडता न येणारं दिसलं तर हात न लावता १९२६ ला कळवा. बोरगडला २००८ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झालं तेव्हाही तिथल्या गिधाडांचा विचार होताच, आणि अंजनेरीच्या कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची जी घरटी आहेत ती तुमच्या डोळ्यांसमोर आहेत. तुम्ही महिन्यातून एकदा मोजून वहीत तारीख आणि आकडा लिहिलात तर ती वही फार मोलाची होईल. रेंजमध्ये गेल्यावर ती यादी टाकायला मी मदत करीन.

प्रश्न: गोदाघाटावर रोज कबुतरांना दाणे टाकतो, हेही पक्ष्यांचं काम झालं ना?

भावना चांगली आहे भाऊ, पण कबुतरं आधीच वाढत चाललीत, त्यांना आपल्या दाण्यांची गरज नाही. तेवढ्या पैशात उंबराचं एक रोप लावा आणि दोन उन्हाळे त्याला पाणी घाला, तांबट, हरियाल, कोकीळ सगळे येतील.

प्रश्न: मी चौथीत आहे, इंदिरानगर. मला दुर्बीण नाही. फेब्रुवारीत पक्षी मोजतात तेव्हा मी मोजू शकतो का?

हो, नक्की मोजू शकतोस! फेब्रुवारीत चार दिवस जगभर ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट होतं, भारतातून २०१३ पासून लोक भाग घेतायत. दुर्बीण नसली तरी चालतं. आईच्या ईबर्ड अकाउंटवरून करायचं, तिला सोबत घ्यायचं, सकाळी शाळेच्या आधी पंधरा मिनिटं जॉगिंग ट्रॅकवर उभं राहायचं. एकाने बघायचं, एकाने लिहायचं. ओळखू येतात तेवढेच लिहायचे, चार आले तर चार. काउंट झालं की मला पत्र लिही, आणि चिमण्या किती होत्या ते सगळ्यात आधी सांग.